दाराबाहेरचं पाऊल: माणसांची आणि घराबाहेर पडण्याची भीती – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. २०१६-१७ मध्ये अकरा महिने मी डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरातून जवळजवळ बाहेर पडले नव्हते, एवढीच माझी पात्रता. पुढे उपचार घेतले, बाहेर पडले, आणि तेव्हापासून ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. बहुतेक वेळा रात्री अकरानंतर आणि मेसेजवर, कारण फोन करायचीही भीती वाटते. ती उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. आजाराबद्दल आणि औषधांबद्दल जे आहे ते माझ्यावर उपचार करणाऱ्यांकडून आणि वाचनातून आलेलं आहे. तुमचं निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं.

मी नुसती लाजाळू आहे की हा आजार आहे?

आपल्याकडे शब्दांना तोटा नाही: बुजरी, भिडस्त, मुखदुर्बळ, घरकोंबडी आणि फारच झालं तर माणूसघाणी. शेवटचा शब्द तर साफ चुकीचा. ही भीती असणाऱ्याला माणसं नकोशी नसतात. उलट माणसांचं आपल्याबद्दलचं मत त्याला नको इतकं महत्त्वाचं वाटत असतं.

लाजाळू बाई हळदीकुंकवाला जाते, कोपऱ्यात बसते, दहा मिनिटांनी सैलावते आणि वाण घेऊन घरी येते. जिला भयगंड आहे ती आठवडाभर आधीपासून नीट झोपत नाही, त्या दिवशी सकाळीच तिचं पोट बिघडतं, ती जात नाही, आणि पुढचे पंधरा दिवस ‘मी आले नाही म्हणून त्या काय बोलल्या असतील’ हेच घोळवत बसते. डॉक्टर साधारणपणे पाहतात ते असं: भीती सहा महिने किंवा जास्त काळ टिकली आहे का, प्रसंगाच्या मानाने ती अवाजवी आहे का, आणि तिच्यापायी शिक्षण, नोकरी, नाती अडली आहेत का. तिसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. भीतीमुळे तुम्ही काय काय करायचं सोडलंत याची यादी करा. यादी पानभर झाली तर ‘माझा स्वभावच असा’ म्हणणं थांबवा.

माणसांची भीती बहुतेकांत ८ ते १५ वर्षं या वयात सुरू होते. त्यामुळे ती स्वभावासारखीच वाटते. तिच्याशिवायचे आपण कसे होतो, हे आठवतच नाही.

सोशल अँक्झायटी आणि अगोराफोबिया एकच का?

नाही, पण दोघी एकाच घरात नांदू शकतात. सोशल अँक्झायटीत भीती माणसांच्या नजरेची असते: मी चुकेन, थरथरेन, लाल होईन, हसं होईल. अगोराफोबियात भीती अडकण्याची असते: इथे मला काही झालं तर बाहेर कशी पडू, मदत कोण करेल. ‘अगोरा’ म्हणजे ग्रीकांचा बाजारचौक. १८७१ साली बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल या डॉक्टरांनी मोठे मोकळे चौक ओलांडताना हातपाय गळणाऱ्या काही पुरुषांची हकीकत लिहिली आणि हा शब्द रूढ केला. आज त्यात पाच प्रकारच्या जागा धरतात: बस-लोकलसारखी वाहनं, मोकळ्या जागा, बंदिस्त जागा, रांग किंवा गर्दी, आणि घराबाहेर एकटं असणं. मुंबईची सकाळची लोकल म्हणजे यातल्या चार गोष्टी एका डब्यात.

माझं दोन्ही होतं. लेडीज डब्यात शिरलं की चौघी-पाचजणी ‘कुठे उतरणार?’ विचारतात, कारण त्यांना तुमची सीट हवी असते. त्या प्रश्नाचं उत्तर देताना माझा आवाज फुटत नसे. म्हणून मी सीट मिळूनही उभी राहायचे. ही झाली पहिली भीती. दुसरी बोगद्यात भेटली.

छातीत धडधडतं, घाम फुटतो, आता मरणार असं वाटतं. खरंच काही झालं तर?

पहिल्यांदा होतं तेव्हा डॉक्टरकडे जाच. ईसीजी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहून घ्या. थायरॉइड वाढलेला असला तरी असंच धडधडतं. तपासण्या ठीक आल्या तर मात्र त्याच तपासण्या दर महिन्याला करत बसू नका. मी तीन ईसीजी काढले होते. तिसऱ्या वेळी कागद हातात पडल्यावर बरं वाटलं ते जेमतेम घरी पोचेपर्यंत टिकलं.

पॅनिक अटॅक म्हणजे शरीराची धोक्याची घंटा, फक्त धोका नसताना वाजलेली. ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आजूबाजूचं खोटं-खोटं वाटतं. हवा कमी पडतेय असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात तुम्ही नको इतकी हवा घेत असता. आणि ज्याची सगळ्यांना भीती असते ती चक्कर येऊन पडण्याची. माणूस बेशुद्ध पडतो तो सहसा रक्तदाब एकदम उतरल्यावर. पॅनिकमध्ये तो चढलेला असतो. म्हणून ‘पडेन, पडेन’ वाटतं पण पडायला होत नाही. (रक्त किंवा सुई पाहून घेरी येणाऱ्यांचं वेगळं, त्यांचा दाब खरंच उतरतो.)

अटॅक काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतोच, कारण शरीर ती घंटा तासन्‌तास वाजवू शकत नाही. तेवढ्या वेळात करायचं ते एवढंच: पळायचं नाही, श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा लांबवायचा, आणि भांडायचं नाही. ‘थांब, थांब’ म्हणत राहिलं की तो जास्त टिकतो. मला सांगितलं होतं की पाहुणा आलाय, चहा विचारू नकोस आणि हाकलूही नकोस, बसू दे.

माझा पहिला अटॅक ऑगस्ट २०१६ मधला. तेव्हा फास्ट गाड्या ठाण्याच्या अलीकडच्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. सकाळची गाडी, श्वास घ्यायलाही शेजारणीची परवानगी लागेल इतकी गर्दी, आणि गाडी बोगद्यात थांबली. फार तर चार-पाच मिनिटं असेल. बाहेर काळोख, आत एकीच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास. तो वास आला की अजूनही माझे खांदे आखडतात. ठाण्याला मी उतरले आणि रडत घरी परत आले.

घरात असलं की काहीच त्रास नाही. मग घरातच राहिलं तर बिघडलं काय?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि सगळं इथेच आहे.

मी बोगद्यानंतर फास्ट गाडी सोडली. बरं वाटलं. स्लोने जाऊ लागले, पण महिन्याभरात स्लोमध्येही तसंच व्हायला लागलं. मग ‘ऑफिसचं काही दिवस घरून करते’ म्हणाले, नंतर राजीनामा दिला. बरं वाटलं. मग रिक्षा नको वाटायला लागली, कारण सिग्नलला उतरता येत नाही. मग भाजी बाजार. मग आमच्या बिल्डिंगचा जिना, कारण जिन्यात कोणी भेटलं तर बोलावं लागतं. दर वेळी एक गोष्ट सोडली आणि दर वेळी बरं वाटलं. डिसेंबरपर्यंत माझ्याकडे दोन खोल्या आणि एक गॅलरी उरली होती, आणि गॅलरीतही मी वाळत घातलेल्या चादरीमागे उभी राहायचे.

टाळल्यावर जे हायसं वाटतं ना, तेच या आजाराचं खाद्य. मेंदू हिशेब ठेवतो: गेलो नाही, म्हणून वाचलो. तो कधी हे शिकतच नाही की गेलो असतो तरी वाचलोच असतो. म्हणून भीती आहे तिथे थांबत नाही. फास्ट लोकलची भीती जिन्यापर्यंत येते. घर सुरक्षित वाटतं हे खरं, पण ते दर महिन्याला थोडं लहान होत जातं.

आणि ‘आधी भीती जाऊ दे, मग बाहेर पडेन’ हा हिशेब उलटा आहे. भीती बाहेर पडून जाते. बरोबर घेऊनच निघावं लागतं तिला.

ठीक आहे, पण नेमकी सुरुवात कुठून करायची?

शिडीपासून. मानसशास्त्रज्ञ एक कागद देतात. त्यावर टाळलेल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे शून्य ते शंभर भीतीचे मार्क. मग कमी मार्कांपासून वर चढायचं. ‘आजच दादरला जाऊन येते’ असं चित्रपटातल्यासारखं काही करायचं नाही. पहिली पायरी इतकी छोटी हवी की घरच्यांना हसू यावं.

माझी पहिली पायरी होती चप्पल घालून दार उघडं ठेवून उंबऱ्यात पाच मिनिटं उभं राहणं. मार्क ३०. आई आत पोळ्या लाटत होती आणि दर मिनिटाला ‘झालं का?’ विचारत होती. चार दिवस तेच केलं. कंटाळा यायला लागला तेव्हा ताईंनी (माझ्या मानसशास्त्रज्ञांना मी ताईच म्हणायचे) सांगितलं, कंटाळा आला म्हणजे पायरी झाली. पुढे दुसऱ्या मजल्याचा कठडा. मग खाली गेट.

मग वाण्याचं दुकान, ५५ मार्क. काम एवढंच की दुपारी तीनला, दुकान रिकामं असताना, एक काडेपेटी आणायची. निघण्याआधी चिठ्ठीवर लिहायचं होतं की काय होईल असं वाटतंय. मी लिहिलं: ‘तो विचारेल, ताई इतके दिवस कुठे होतात? मला उत्तर सुचणार नाही, रडू येईल.’ दोन दिवस मी उत्तर पाठ केलं, गावाला गेले होते म्हणून. गाव कोणतं, तिथे कोण आजारी होतं, सगळं तयार. गेले. त्याने मान वर न करता विचारलं, “सुट्टे आहेत?”

ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. बाहेर जाण्याआधी भाकीत लिहायचं आणि आल्यावर खाली लिहायचं की खरंच काय झालं. उपचारातली ही सगळ्यात रुक्ष वाटणारी आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. भीती शून्यावर आलीच पाहिजे असा हट्ट नाही. आपलं भाकीत खोटं ठरताना डोळ्यांनी पाहायचं, काम तेवढंच.

नंतर स्टेशन. पहिले काही दिवस नुसतं प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाड्या जाऊ दिल्या. मग डोंबिवली ते कोपर, एक स्टेशन, दुपारची स्लो, आणि परत. मग दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. प्रत्येक स्टेशन मी निदान तीनदा केलं. शेवटी फास्ट, बोगद्यासकट. त्या दिवशी अटॅक आला. आला तरी मी ठाण्यापर्यंत उभी होते, कारण उतरायला जागाच नव्हती, आणि बोगदा संपायच्या आत तो ओसरला होता.

आठवड्यातून एकदा जाऊन भागत नाही. चार-पाच दिवस तरी हवेत, नाहीतर दर वेळी पहिल्यापासून सुरू करावं लागतं. एखादी पायरी जमली नाही तर मधली अर्धी पायरी शोधा. मात्र घाबरून अर्ध्यातून पळून आलात तर त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी, पुन्हा तिथपर्यंत जा. पळाल्याचं दुःख करत आठवडा घालवू नका.

मी तर रोज ऑफिसला जातो, मीटिंगलाही बसतो. तरी भीती जात नाही. मग हे कसं?

तुम्ही बहुतेक कुबड्या घेऊन जाताय. कायम कानात हेडफोन, हातात मोबाइल, दाराजवळची खुर्ची, थरथर दिसू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला चहाचा कप, बोलायच्या आधी मनात तीनदा पाठ केलेलं वाक्य, पर्समध्ये पाण्याची बाटली आणि ‘असू दे’ म्हणून ठेवलेली गोळी. यांच्यामुळे प्रसंग निभावतो, पण श्रेय कुबडीला जातं. ‘बाटली होती म्हणून वाचलो.’

१९९५ साली डेव्हिड क्लार्क आणि ॲड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी सोशल अँक्झायटी कशी टिकून राहते याची मांडणी केली. तिच्यात या कुबड्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे: लक्ष आतल्या बाजूला वळणं. समोरचा काय बोलतोय याऐवजी आपण ‘माझा चेहरा कसा दिसतोय, आवाज कापतोय का’ हेच पाहत बसतो, आणि आतून जे जाणवतं तेच बाहेर दिसतंय असं धरून चालतो. आतून भूकंप, बाहेरून फार तर कानाची पाळी लाल.

उपाय म्हणून एका वेळी एक कुबडी सोडायची. आणि लक्ष मुद्दाम बाहेर न्यायचं: समोरच्याच्या शर्टाची बटणं किती, त्याने आत्ता नेमकं काय विचारलं, पंख्याचा आवाज कसा येतोय. हे पोरकट वाटेल. करून पाहा, मग बोला.

‘लोक काय म्हणतील’ हे डोक्यातून कसं काढायचं?

ते निघत नाही, आणि काढायची गरजही नाही. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात, पण लहानपणापासून शिकवतात मात्र भीडच. दोन गोष्टी मला उपयोगी पडल्या.

एक म्हणजे, लोक आपल्याकडे वाटतं तेवढं बघत नाहीत. २००० साली कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाहणारे साधारण त्याच्या निम्मेच होते. बाकीचे आपापल्या टी-शर्टच्या काळजीत असणार.

दुसरी म्हणजे, बघितलं तरी काय? अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती सुरू केली. ती मराठीत रुजवली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. एलिस स्वतः तरुणपणी भयंकर बुजरे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं की न्यूयॉर्कच्या बागेत बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसून बोलायचं. महिन्याभरात ते शंभरेकजणींशी बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण कोणी पोलीस बोलावले नाहीत आणि जग बुडालं नाही. (हा प्रयोग आज, आपल्याकडे, मुळीच करू नका. मुलींना त्यांची स्वतःची भीती पुरेशी आहे.) पुढे ते आपल्या रुग्णांना मेट्रोत उभं राहून स्टेशनांची नावं मोठ्याने पुकारायला सांगत. लाज वाटेल असं, पण कोणाला इजा न होणारं काहीतरी मुद्दाम करायचं. मी एकदा दुकानात आठ रुपयांच्या वस्तूसाठी पाचशेची नोट देऊन वाण्याचं कुरकुरणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझ्यासाठी ते एव्हरेस्ट होतं.

‘त्यांनी मला चांगलंच म्हटलं पाहिजे’ आणि ‘चांगलं म्हटलं तर बरं’ यात जो फरक आहे, ती या पद्धतीची गुरुकिल्ली. पहिलं वाक्य मागणी आहे, दुसरं नुसती इच्छा.

गोळ्या घ्याव्याच लागतात का? सवय लागेल का?

सौम्य असेल तर नुसत्या सीबीटीने (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), म्हणजे वर सांगितलेल्या शिडीसारख्या उपचाराने, बऱ्याच जणांचं भागतं. जास्त असेल तर दोन्ही मिळून. मला दोन्ही लागलं.

‘गोळ्या’ म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकात घालतात. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारख्या एसएसआरआय गटाच्या गोळ्या रोज घ्यायच्या असतात. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, माणसांच्या भीतीत कधी त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा उलट बेचैनी वाढू शकते. अनेक जण नेमके तेव्हाच बंद करतात. यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड होते, म्हणून डॉक्टर हळूहळू कमी करतात, तेही बरं वाटू लागल्यावर सहसा सहा महिने ते वर्षभराने.

दुसऱ्या अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम या तऱ्हेच्या, अर्ध्या तासात शांत करणाऱ्या. यांची सवय लागते. काही आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठीक. शेजारच्या काकांना दिलेली गोळी मागून घेणं किंवा ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणणं नको. शिवाय गोळी खाऊन शिडी चढली की मेंदू श्रेय गोळीलाच देतो.

स्टेजवर बोलण्यापुरतीच भीती असेल तर कधी प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असणाऱ्यांना ते चालत नाही. डॉक्टरांना आधी सांगा.

संध्याकाळी एक पेग घेतला की माणसांत मिसळता येतं. चालेल?

नाही. उतरताना भीती व्याजासकट परत येते, आणि एकाचे दोन आजार होतात. चहा-कॉफीही दिवसाला दोन कपांवर आणा. कॉफीची धडधड आणि भीतीची धडधड यांतला फरक घाबरलेल्या मेंदूला कळत नाही.

घराबाहेरच पडता येत नाही तर डॉक्टरकडे जाणार कसं? आणि खर्च?

फोनने सुरुवात करा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. फोनवर बोलायची भीती असेल तर काय बोलायचं ते कागदावर लिहून वाचून दाखवा, समोरच्याला सवय असते. व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचा सल्ला घेणं २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनंतर रीतसर झालं आहे. माझ्या वेळी ते नव्हतं. ताई पहिल्या दोन वेळा घरी आल्या, तिसऱ्या वेळी बिल्डिंगच्या गेटवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आज तू खाली ये.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नाव ऐकून दचकू नका, तिथे ओपीडीत दाखवून संध्याकाळी घरी परत येणारे पुष्कळ असतात. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, तो औषधं देतो. मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही, बोलून आणि सराव करवून उपचार करतो. सीबीटीची साधारण बारा ते सोळा सेशन्स होतात. पहिल्याच भेटीत विचारा, “तुम्ही एक्स्पोजर (भीतीच्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरं जाण्याचा सराव) करवून घेता का?” एका नामांकित ठिकाणी मी चार महिने नुसतं बालपण सांगत बसले होते. ऐकून घेतलं जातं हे छान वाटलं, पण मी जात होते ती बाबांच्या गाडीच्या मागच्या सीटवर डोक्यावर ओढणी घेऊन, आणि ते कोणी विचारलंच नाही.

विम्याचं थोडक्यात: मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरायचं आहे. पण ओपीडीचा खर्च पॉलिसीत असेल तरच मिळतो. त्याच कायद्याने तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिला आहे. म्हणजे ‘ऑफिसात कळेल’ या भीतीने थांबू नका.

घरचे म्हणतात, ही नाटकं आहेत. आजी म्हणते, बाहेरचं आहे.

‘बाहेरचं आहे’ हे ऐकून मला तेव्हाही हसू आलं होतं. बाहेरचं आहे म्हणूनच तर आत बसले होते. माझी दृष्ट काढली, मीठ-मोहरी ओवाळली, मी काही म्हटलं नाही. आजीचा जीव होता माझ्यावर. पण देवर्षीकडे नेऊन मारहाण, चटके, कोंडून ठेवणं असलं काही होत असेल तर ते प्रेम नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

‘नाटक’ म्हणणाऱ्यांना वाद घालून पटत नाही. डॉक्टरकडे एकदा बरोबर घेऊन जा. बाबा माझ्या तोंडून दहा महिने जे ऐकत नव्हते ते पांढऱ्या कोटातून दहा मिनिटांत ऐकलं.

माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, खोलीतून बाहेर येत नाही. आम्ही काय करायचं?

काकू, आधी हे वाचा: ही तुमची चूक नाही. पण तुम्ही मायेपोटी जे करताय त्यातलं काही आजाराच्या कामाचं आहे. ताट खोलीत नेऊन देणं, त्याच्या वतीने फोन करणं, पाहुण्यांना ‘तो झोपलाय’ सांगणं, रिचार्जपासून कुरिअरपर्यंत सगळं आणून देणं. हे एकदम बंद करू नका, तो शिक्षाच समजेल. त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने, एक-एक कमी करा. ‘सोमवारपासून ताट टेबलावर असेल, आम्ही दहा मिनिटं तिथे बसू, बोललं पाहिजे असं नाही.’

फसवून नेऊ नका. ‘जरा गाडीत बस, पेट्रोल भरून येऊ’ म्हणून थेट दवाखान्यात नेलेली मुलं नंतर गाडीतही बसत नाहीत. ‘घाबरण्यासारखं काय आहे त्यात?’ याऐवजी ‘आत्ता शंभरात किती?’ विचारा. आणि त्या शेजारच्या मुलाच्या पॅकेजची गोष्ट कृपा करून त्याच्यासमोर काढू नका.

तो एकाएकी बोलेनासा झाला असेल, कोणी मागावर आहे असं म्हणत असेल, अंघोळ-जेवण सुटलं असेल, तर ही भीती नसून वेगळा आजार असू शकतो. त्यासाठी वाट पाहू नका.

घरून काम मिळालंय. हे वरदान ना?

असेल, पण ज्याची शिडी अर्धी चढून झाली आहे त्याला ते खाली ओढतं. घरून काम असेल तर रोज एकदा बाहेर पडण्याचं ठरलेलं निमित्त हवंच, अगदी दूध आणण्याचं. ऑनलाइन मागवणं सोयीचं आहे, पण तुमच्यासाठी ते औषधाच्या उलट काम करतं.

दाराची बेल वाजली की मी श्वास रोखून बसते. फोनही उचलत नाही.

कुरिअरवाल्यापासून सुरुवात करा. त्याला तुमच्याशी गप्पा मारायच्या नसतात, सही हवी असते. फोनसाठी: दिवसातून एक फोन, तोही जिथे उत्तर ठरलेलं असतं तिथे. गॅस एजन्सी, मेडिकलचं दुकान, ‘आज किती वाजेपर्यंत उघडं आहे?’ तीस सेकंदांत संपतो.

खूप खचलोय. जगूच नये असं वाटतं.

मग शिडी, चिठ्ठी, हे सगळं बाजूला ठेवा. आत्ता घरातल्या कोणालातरी हेच वाक्य जसंच्या तसं सांगा, आणि १४४१६ ला फोन लावा. जीव घ्यायचा बेत किंवा साधन जवळ असेल तर ११२, किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग. दीर्घकाळ घरात कोंडून राहिल्यावर नैराश्य येणं फार सामान्य आहे, आणि त्यावर उपचार आहेत. त्या अकरा महिन्यांत मलाही तसं वाटलं होतं.

किती दिवस लागतात? परत येतं का?

मला उंबऱ्यापासून बोगद्यापर्यंत साडेसात महिने लागले. कोणाला तीन लागतात, कोणाला दोन वर्षं. आणि हो, डोकं वर काढतं. आजारपणानंतर, बाळंतपणानंतर, लॉकडाउननंतर माझं पुन्हा थोडं बिघडलं. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी शिडी माहीत होती, अकरा महिन्यांऐवजी तीन आठवड्यांत आटोपलं. अजूनही भरलेल्या डब्यात मी दाराच्या बाजूला सरकते. ते कळलं की पुन्हा आत सरकते.

पंधरा दिवसांवर मामेबहिणीचं लग्न आहे. जायलाच हवं. काय करू?

पंधरा दिवसांत भीती जाणार नाही, पण लग्न निभावता येईल. आधी एकदा कार्यालय पाहून या, रिकामं असताना. कोणाबरोबर जाणार ते ठरवा, पण हात धरून बसणार नाही असंही ठरवा. ‘सध्या काय करतेस?’ हा प्रश्न येणारच, तेव्हा एक खरं आणि छोटं उत्तर तयार ठेवा. ‘तब्येत बरी नव्हती, आता सुरू करतेय’ एवढं पुरतं, आणि लगेच त्यांच्या गुडघेदुखीबद्दल विचारा. मावशी पुढची वीस मिनिटं तुम्हाला बोलू देणार नाही. काहीतरी काम मागून घ्या: अक्षता वाटणं, आहेराची पाकिटं लिहून घेणं. हातात काम असलं की नजर बाहेर राहते. मुहूर्ताच्या आधी अर्धा तास पोचा, भरलेल्या हॉलमध्ये शिरण्यापेक्षा हॉल आपल्याभोवती भरू देणं सोपं जातं. धडधड वाढली तर मागच्या अंगणात जाऊन दोन मिनिटं उभं राहा आणि परत आत या. घरी जाऊ नका. पहिल्या पंगतीला बसा, जेवा, आणि निघताना आईला सांगून निघा, गुपचूप सटकू नका. जाण्याआधीची चिठ्ठी लिहायला विसरू नका.